मालव्याच्या अंगणातली ब्लूबेरी

धार आणि देवास या पवारांच्या गावांतल्या जुन्या मराठी घरांना अंगण असते, नव्या घरांना निदान गच्ची तरी असते. तुळस, कढीलिंब, सीताफळ, पेरू, मोगरा ही तिथली नेहमीची मंडळी. आता ब्लूबेरीचे रोपही घरबसल्या मागवता येते. ते टवटवीत येते, आपण ते कौतुकाने काळ्या मातीत लावतो, शेणखत घालतो, बोअरचे पाणी देतो आणि दोन-चार महिन्यांत ते पिवळे पडून वाळते. रोप वाईट नसते आणि आपली मेहनतही कमी पडलेली नसते. पेरूला जे मानवते तेच ब्लूबेरीला मारते.

मालव्यात ब्लूबेरी जगवता येते, फळही घेता येते. मात्र तिला इथल्या जमिनीपासून आणि इथल्या जमिनीतल्या पाण्यापासून वेगळे ठेवावे लागते. मातीचा विचार बहुतेक जण करतात, पाण्याचा करत नाहीत. म्हणून या लेखात पाण्याला जास्त जागा दिली आहे.

एका खडकाच्या दोन माती

मातीची आम्लता सामूवर, म्हणजे पीएचवर मोजतात. ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, त्यावर विम्ल. ब्लूबेरीला ४.५ ते ५.५ एवढा सामू हवा. मालव्याच्या काळ्या मातीचा सामू बहुधा ७.५ ते ८.५ असतो. आकड्यांत फरक तीनचा दिसतो, पण या मोजमापाचा प्रत्येक अंक दहापट असतो. म्हणजे ब्लूबेरीला लागणारी माती आपल्या मातीपेक्षा हजारपट आम्ल आहे.

गंमत अशी की कोकणातला तांबडा जांभा आणि मालव्याची काळी माती ही एकाच दख्खनी बेसाल्ट खडकाची लेकरे. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्या पाण्याने लाखो वर्षांत खडकातला चुना धुऊन समुद्रात नेला, मागे लोह आणि ॲल्युमिनियम राहिले, आणि माती आम्ल झाली. धार-देवासला साधारण ९०० ते १००० मिलिमीटर पाऊस. एवढ्यात चुना वाहून जात नाही. तो खाली उतरतो, उन्हाळ्यात पाणी उडून गेले की तिथेच साचतो आणि त्याच्या पांढऱ्या गाठी होतात. विहीर खणताना निघणारे चुनखडीचे खडे ते हेच. हाच चुना सोयाबीन, गहू, हरभरा या पिकांच्या कामाचा आहे, तेव्हा मातीला दोष देण्यात अर्थ नाही.

आपल्या अंगणात चुना किती आहे हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. कोरड्या मातीच्या ढेकळावर पांढऱ्या व्हिनेगरचे काही थेंब टाकावेत. बुडबुडे आले, फसफसले, तर चुना भरपूर आहे. टेकडीवरचा लाल मुरूम आणला म्हणजे आम्ल माती मिळाली असे समजू नये. रंगावरून सामू कळत नाही, त्या मुरमावरही थेंब टाकून पाहावे. नेमका आकडा हवा असेल तर धार आणि देवास या दोन्ही जिल्ह्यांत कृषी विज्ञान केंद्रे आहेत. मृदा आरोग्य पत्रिकेसाठी जी माती तपासणी होते तिच्यात सामूचा आकडा असतोच.

आंबट मातीच का

ब्लूबेरी अझेलिया आणि ऱ्होडोडेंड्रॉनच्या कुळातली. या कुळाच्या वनस्पती पाणथळ, कुजक्या पानांच्या, चुना नसलेल्या जागी वाढल्या आणि तिथल्याच होऊन बसल्या. ब्लूबेरीची मुळे केसासारखी बारीक आणि उथळ असतात. इतर झाडांच्या मुळांवर अन्न शोषणारी मूलरोमांची लव असते, ती हिच्या मुळांवर नसते. निसर्गात हे काम मुळांत राहणारी एक खास बुरशी करते, आणि तिलाही आम्ल मातीच मानवते.

दुसरी गोष्ट लोहाची. काळ्या मातीत लोह काही कमी नाही, पण सामू साडेसातच्या वर गेला की ते विरघळेनासे होते. पेरूचे झाड मुळांतून आम्ल आणि इतर द्रव्ये सोडून स्वतःपुरते लोह सोडवून घेते. ब्लूबेरीला ते जवळजवळ जमत नाही. तिसरी गोष्ट नत्राची. बहुतेक पिके नायट्रेट रूपातला नत्र आवडीने घेतात, ब्लूबेरीला अमोनियम रूपातला लागतो. विम्ल, हवेशीर मातीत अमोनियमचे भराभर नायट्रेट होते, आणि खत घालूनही रोप उपाशी राहते.

हे सगळे माणसाला कळून फार काळ झालेला नाही. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ब्लूबेरी हे रानातून वेचून आणायचे फळ होते. बागेत लावले की मरते, असाच अनुभव होता. अमेरिकी कृषी खात्यातले वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी १९०६ पासून प्रयोग केले आणि १९१० मध्ये आपले निष्कर्ष छापले: चांगली खतावलेली, चुना घातलेली बागेची मातीच ब्लूबेरीला मारते, तिला नापीक समजली जाणारी आम्ल माती हवी. न्यू जर्सीच्या एलिझाबेथ व्हाइट यांनी ते वाचून कोव्हिलना आपल्या शेतावर बोलावले. रानात फळे वेचणाऱ्यांना मोठ्या फळांची झुडपे दाखवण्याबद्दल त्या पैसे देत. १९१६ मध्ये लागवडीच्या ब्लूबेरीचे पहिले पीक बाजारात गेले.

इंदूर पद्धतीचे खत इथे चालत नाही

आपल्या भागात कंपोस्टला मोठा इतिहास आहे. अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेचे संचालक होते. इथल्या शेतकऱ्यांकडून शिकत त्यांनी काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर रचून खत करायची रीत बसवली. ती जगभर इंदूर पद्धत म्हणूनच ओळखली जाते. त्या जागेवर आज कृषी महाविद्यालय आहे.

हे खत भाजीला आणि फळझाडांना उत्तम. पण कचरा कुजताना तयार होणारे आम्ल मारण्यासाठीच त्यात राख घातलेली असते. शेणखत आणि गांडूळखतही उदासीन किंवा किंचित विम्लच असतात. ब्लूबेरीच्या कुंडीत यांतले काहीच घालू नये. राख, हाडांचे खत आणि चुना मिसळलेली विटांची भुकटी तर मुळीच नाही. ज्या हाताने आयुष्यभर शेणखत घातले त्याला हे जड जाते, पण इथे तडजोड नको.

खड्ड्यात गंधक घालून पाहू नये का?

पुस्तकांत लिहिलेले असते की जमिनीत गंधक मिसळा, सामू खाली येईल. ज्या जमिनीत मोकळा चुना नाही तिथे हे खरे आहे. मातीतले जिवाणू गंधकाचे काही महिन्यांत गंधकाम्ल करतात आणि सामू उतरतो. आपल्याकडे ते आम्ल आधी चुना खाते.

हिशेब मांडून पाहू. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दीड फूट खोल खड्ड्यात साधारण २०० किलो माती असते. तिच्यात ५ टक्के चुना धरला तर तो १० किलो होतो. एवढा चुना मारायला ३.२ किलो शुद्ध गंधक लागते, आणि त्यातून सुमारे १७ किलो जिप्सम तयार होते. हे सगळे करून सामू फक्त उतरायला सुरुवात होईल. पुढच्या पावसात बाजूच्या मातीतला चुना पाण्याबरोबर पुन्हा खड्ड्यात येईल. त्यात काळी माती पावसाळ्यात चिकट होऊन पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळून मुळे तोडते. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: धार-देवासच्या काळ्या जमिनीत ब्लूबेरी लावूच नये.

ताक, चहा, कॉफी, तुरटी

कढीलिंबाला आंबट ताक घालायची आपल्या घरांतली रीत जुनी आहे आणि कढीलिंब त्यावर खूशही दिसतो. ब्लूबेरीला मात्र ताकाने पोट भरत नाही. ताकातले आम्ल सौम्य असते, मातीतले जिवाणू ते थोड्याच दिवसांत संपवतात, आणि मागे राहिलेल्या दुधाच्या अंशाला वास आणि माशा येतात. वापरलेल्या चहापत्तीचे आणि कॉफीच्या चोथ्याचेही तेच. आम्ल बहुतेक पेयात उतरून गेलेले असते, उरलेला चोथा जवळजवळ उदासीन असतो. तुरटीने सामू खरोखर उतरतो, पण तिच्यासोबत ॲल्युमिनियम येते आणि ते साचले की मुळे खुंटतात. तिच्या वाटेला जाऊ नये.

कुंडी आणि तिच्यातले मिश्रण

एका झुडपाला ३० ते ४० लिटरची कुंडी लागते. मुळे उथळ असल्याने खोल कुंडीपेक्षा पसरट बरी. सिमेंटची कुंडी घेऊ नये, तिच्यातून चुना सुटतच राहतो. प्लॅस्टिकचा अर्धा कापलेला पिंप, जाड ग्रो बॅग किंवा मातीची मोठी कुंडी चालते. प्लॅस्टिक असेल तर रंग फिका असावा. काळी कुंडी मे महिन्यात बाजूने इतकी तापते की कडेची मुळे भाजून निघतात. तळाला भरपूर भोके हवीत आणि कुंडी फरशीपासून थोडी उचललेली हवी, नाहीतर श्रावणात पाणी तुंबून मुळे कुजतात.

कुंडीत बागेची माती मूठभरही घालायची नाही. चार भाग पीट मॉस, तीन भाग कोकोपीट आणि दोन भाग परलाइट असे मिश्रण ठीक जमते. पीट मॉस बाहेरून येते आणि महाग असते, पण त्याचा सामू ३.५ ते ४.५ असतो आणि सगळी आम्लता त्याच्याच जिवावर आहे. कोकोपीट स्वस्त, पाणी छान धरते, मात्र त्याचा सामू साडेपाच ते साडेसहा असतो. नुसत्या कोकोपीटमध्ये रोप तग धरते, बहरत नाही. कोकोपीटच्या विटेत क्षारही असतात, म्हणून ती दोन-तीनदा भिजवून, पिळून, पाणी फेकून मगच वापरावी.

मिश्रण तयार झाले की एक वाटी मिश्रण अडीच वाट्या पावसाच्या किंवा शुद्ध पाण्यात ढवळून अर्धा तास ठेवावे आणि सामू दाखवणाऱ्या कागदाच्या पट्टीने तपासावे. पाचच्या आसपास आले तर उत्तम. साडेपाचच्या वर असेल तर लिटरला अर्धा ग्रॅम, म्हणजे ४० लिटरच्या कुंडीला २० ग्रॅम गंधकाची भुकटी मिसळावी. भुरीवर फवारायचे पाण्यात मिसळणारे गंधक कृषी सेवा केंद्रात सहज मिळते, तेच चालते. ते लावणीच्या दोन महिने आधी मिसळून मिश्रण ओलसर ठेवावे, जिवाणूंना तेवढा वेळ हवा असतो.

वर तीन-चार बोटे जाडीचे आच्छादन घालावे. नारळाच्या सोडणाचे तुकडे किंवा साध्या, रंग न लावलेल्या लाकडाचा भुसा. उथळ मुळांचे उन्हापासून रक्षण करायला याहून सोपे काही नाही.

पाणी

इथपर्यंत सगळे बरोबर केले आणि रोज बोअरचे पाणी घातले, तर वर्षभरात कुंडी पुन्हा काळ्या जमिनीसारखी होते.

मालव्यातल्या बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट असते. चहाच्या भांड्याला आणि गिझरला जो पांढरा थर बसतो तो त्याचाच. पाण्यात लिटरला ३०० मिलिग्रॅम बायकार्बोनेट धरू. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत १२० दिवस रोज ३ लिटर पाणी दिले, तर एका उन्हाळ्यात कुंडीत सुमारे ९० ग्रॅम चुना घातल्यासारखे होते. उलट बाजूला, वर्षभरात १५ ग्रॅम अमोनियम सल्फेट दिले तर ते साधारण तेवढ्याच वजनाचा चुना मारते. हिशेब जुळत नाही, आणि रोप पिवळे पडायला लागते.

उपाय पावसाचे पाणी साठवणे. १० चौरस मीटर छपरावर ९०० मिलिमीटर पाऊस पडला तर ९ हजार लिटर पाणी येते. वरचे उडालेले, सांडलेले वजा केले तरी सात हजार लिटर कुठे गेले नाही. एका कुंडीची उन्हाळ्याची गरज ३६० लिटर. म्हणजे हजार लिटरची एक टाकी दोन झुडपांना पुरून उरते. पहिल्या एक-दोन पावसांचे धुळीचे पाणी सोडून द्यावे, मग नळीला जाळी लावून टाकी भरावी. टाकी प्लॅस्टिकची आणि झाकलेली असावी. सिमेंटच्या हौदात साठवलेले पावसाचे पाणी हौदातला चुना घेत बसते.

पाणी साठवणे या भागाला शिकवायला नको. धार जिल्ह्यातल्या मांडूच्या पठारावर नदी नाही, तिथे जहाज महालाच्या गच्चीवरचे पाणी चक्राकार पन्हाळींतून फिरवत हौदात नेले आहे, आणि ती रचना आजही पाहता येते. धारला मुंज तलाव आहे. देवासला १९९० मध्ये इंदूरहून रेल्वेने पाणी आणावे लागले, आणि त्याच जिल्ह्यात २००६ पासून शेतकऱ्यांनी शेतातच तळी खोदून पावसाचे पाणी धरले. अंगणात एक टाकी ठेवणे त्या मानाने काहीच नाही.

मे महिन्यात एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी वाया जाते, तेही वापरावे. ते हवेतली वाफ थंड होऊन आलेले असल्याने त्यात चुना नसतो, आणि रोपाला सर्वांत जास्त तहान असते त्याच दिवसांत ते मिळते. कूलरच्या टाकीतले पाणी मात्र उलटे. पाणी उडून चुना तिथेच दाट होत जातो, ते कुंडीत कधीच ओतू नये.

अडचणीच्या वेळी बोअरचे पाणी द्यावेच लागले तर लिंबाचे फूल, म्हणजे किराणा दुकानातले सायट्रिक ॲसिड, लिटरला साधारण अर्धा ग्रॅम विरघळवून पट्टीने साडेपाचच्या आसपास आल्याची खात्री करावी. हे रोजचे औषध नव्हे. मातीतले जिवाणू सायट्रेट खाऊन पुन्हा बायकार्बोनेटच मागे ठेवतात. आठवडाभर निभावून नेण्यापुरते ते ठीक.

पाणी रोज थोडे द्यावे, माध्यम ओलसर राहावे, चिखल होऊ नये. पावसाळ्यात झडीच्या दिवसांत कुंडी वळचणीला सरकवता आली तर फार बरे.

खत

वाढीच्या काळात दीड महिन्याने एकदा ३ ग्रॅम अमोनियम सल्फेट पाण्यात विरघळवून द्यावे. ब्लूबेरीला क्षार सोसत नाहीत, म्हणून थोडे आणि पातळ. पालाश हवे तर सल्फेट ऑफ पोटॅश घ्यावे, म्युरेट ऑफ पोटॅश नको, त्यात क्लोराइड असते. कॅल्शियम नायट्रेट आणि पोटॅशियम नायट्रेट टाळावे.

जात, थंडी आणि ऊन

ब्लूबेरीच्या मूळच्या जातींना हिवाळ्यात ७ अंशांखाली शेकडो तास थंडी लागते, तेव्हाच डोळे फुटतात. धार-देवासची जानेवारीतली रात्र १० अंशांच्या आसपास जाते, कधी त्याखाली, पण तास फार जमत नाहीत. म्हणून कमी थंडी लागणाऱ्या दक्षिणी हायबुश गटातल्या जातीच मागवाव्यात: बिलॉक्सी, मिस्टी, शार्पब्लू, एमराल्ड, ज्वेल. यांतली बिलॉक्सी फार थोड्या थंडीवर भागवते. रोपावर जातीचे नाव नसेल, नुसते ‘ब्लूबेरी’ लिहिलेले असेल, तर ते घेऊ नये. दोन वेगळ्या जाती शेजारी ठेवाव्यात. परपरागीकरणाने फळे जास्त आणि मोठी धरतात.

थंडीपेक्षा मोठी अडचण मे महिन्याची. पारा चाळिशी ओलांडतो आणि लू वाहते. मार्चअखेरपासून पाऊस येईपर्यंत पन्नास टक्के सावलीची जाळी बांधावी आणि कुंडी पूर्वेकडे, सकाळचे ऊन मिळेल अशी ठेवावी. पश्चिमेची भिंत टाळावी, ती रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडते. हिवाळ्यात मात्र दिवसभराचे ऊन हवे.

फूल आणि फळ

फुले पांढरी, उलट्या घागरीसारखी, हिवाळ्यात येतात. त्यांच्या परागकोशांना बारीक भोके असतात आणि परागकण थरथरीने गळतात. वांगी-टोमॅटोच्या फुलांवर गुणगुणत फिरणारी निळ्या पट्ट्यांची माशी हे काम नेमके जाणते, साधी मधमाशीही बरीच मदत करते. बहराच्या दिवसांत कीटकनाशक फवारू नये. शेजारी तुळस फुललेली असेल तर माश्यांना अंगणात येण्याचे कारणच मिळते.

पहिल्या वर्षीची फुले खुडून टाकावीत, झुडपाला आधी अंग धरू द्यावे. तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून खरा बहर अपेक्षावा. फळ उन्हाळा तापण्याआधी पिकावे हीच इथली इच्छा असते. निळे दिसले की लगेच तोडू नये. देठाजवळची लाली जाऊन तिथेही निळसर राखाडी झाक चढली, फळ हात लावताच सुटले, की ते पिकले. तोडल्यावर ते गोड होत नाही. बुलबुल आणि खारी हे आपल्याआधी ओळखतात, म्हणून रंग चढू लागला की जाळी घालावी.

पान पिवळे पडले तर

कोवळे पान पिवळे आणि शिरा हिरव्या, तर लोह मिळत नाही, म्हणजे सामू चढला आहे. तात्पुरते हिराकस लिटरला २ ग्रॅम विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारावे किंवा चिलेटेड लोह द्यावे. त्याने पान हिरवे होईल, पण कारण जाणार नाही. कुंडीच्या तळातून निथळलेले पाणी पट्टीने तपासावे. ते सहाच्या वर असेल तर पावसाच्या पाण्याने कुंडी दोन-तीनदा भरपूर धुवावी आणि थोडे गंधक वरून द्यावे. जुनी, खालची पाने सगळीच फिकी पडली असतील तर नत्र कमी आहे. पानांच्या कडा तपकिरी होऊन वाळत असतील तर क्षार साठले आहेत किंवा ऊन जास्त आहे. पावसाळ्यात पाणी असूनही रोप मलूल पडले तर मुळे कुजत असतील. अशा वेळी पाणी वाढवणे ही सर्वांत वाईट गोष्ट.

आणि अंगणातल्या जमिनीत?

दोन कुंड्या ब्लूबेरीच्या ठेवल्या तरी अंगणाची जमीन रिकामी राहू नये. तिथे फालसा लावावा. त्याला चुनखडीची जमीन चालते, लू सोसते, पाणी थोडे पुरते, आणि उन्हाळ्यात जांभळट, आंबटगोड फळांनी झुडूप भरते. कुंपणाला करवंदाची जाळी लावावी. दोन्ही फळांचा गडद रंग ज्या अँथोसायनिन द्रव्यांमुळे येतो तीच द्रव्ये ब्लूबेरीतही आहेत. फालशाची छाटणी हिवाळ्यात, पानगळीनंतर, जमिनीपासून तीन-चार फुटांवर करावी. नव्या फुटीवरच फळ येते.